सही खरी की खोटी? ब्लूज गाणाऱ्यांच्या सह्यांची गोष्ट



गेले दोन महिने आपण रेडिओवर सहीबद्दल बोलतो आहोत. कोऱ्या कागदावर सही का करायची नाही, कर्जाच्या अर्जावर पानापानाला सही का घेतात, ठरावाखाली सही केली म्हणजे आपण कशाला बांधले जातो, हे सगळं बोलून झालं. त्यावर गटांकडून बरेच निरोप आले. एका गटानं विचारलं, "मोठ्या लोकांच्या सह्या लोक पैसे देऊन विकत घेतात म्हणे. मग ती सही खरीच आहे हे कळतं कसं?" प्रश्न आम्हाला आवडला. त्याचं उत्तर द्यायला आज जरा लांब जाऊ या, थेट अमेरिकेत. तिथल्या मिसिसिपी नावाच्या राज्यात, कापसाच्या शेतात.

आता तुम्ही म्हणाल, सह्या तर नटनट्यांच्या घेतात, क्रिकेटवाल्यांच्या घेतात, कापसाच्या शेतात कोणाची सही मिळणार? तीच तर गंमत आहे. ज्यांच्या सहीसाठी आज लोक जीव टाकतात, त्यातली पुष्कळ मंडळी कापूस वेचत मोठी झाली. त्यांच्या गाण्याला 'ब्लूज' म्हणतात. काळ्या लोकांचं हे गाणं. आजे-पणजे गुलाम होते. १८६५ साली गुलामी कायद्यानं गेली, पण जमीन मालकाचीच राहिली. मग निम्म्या वाट्यानं जमीन कसायची, बियाणं, पीठ, कापड मालकाच्याच दुकानातून उधार उचलायचं, आणि वर्षाअखेरी हिशेबाला उभं राहायचं. वही मालकाच्या हातात. कापसाचं वजन त्यानंच करायचं, भाव त्यानंच लावायचा. हिशेब संपला की बहुतेकांच्या नावावर बाकी निघायची. कापूस पिकवणाऱ्या बायांना यातलं फार समजावून सांगायला नको.

या जगण्यातून जे गाणं आलं ते ब्लूज. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, अशी त्याची साधारण घडण. आपल्या जात्यावरच्या ओवीत जसं एकटी बाई मनातलं बोलते, तसंच हे. नवरा सोडून गेला, पुरानं घर नेलं, तुरुंगात पडलो, पैसे संपले, असलं सगळं त्यात असतं. मधेच थट्टाही असते, चावट बोलणंही असतं.

ही गाणी तबकडीवर आली ती आधी बायकांच्या आवाजात, हे मुद्दाम सांगतो. १९२० साली मेमी स्मिथ या बाईनं ब्लूज गाणं ध्वनिमुद्रित केलं, काळ्या गाणाऱ्यांमधलं पहिलं, आणि ते धडाधड खपलं. मग कंपन्यांना जाग आली. मा रेनी आणि बेसी स्मिथ या दोघी १९२३ पासून तबकड्यांसाठी गायला लागल्या. गिटार घेऊन एकटे गाणारे पुरुष तबकडीवर आले ते त्यांच्यानंतर. एक कंपनी तर मुळात खुर्च्या करणारी होती, विस्कॉन्सिन राज्यातली. ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायची, आणि कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढायची. पॅरामाउंट हे तिच्या तबकड्यांचं नाव. या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बहुतेक आपल्या देशातून जायची. म्हणजे आपल्याकडच्या झाडावरच्या किड्यानं केलेल्या लाखेवर मिसिसिपीच्या माणसाचा आवाज कोरला गेला.

आता सह्यांकडे येऊ. या माणसांच्या सह्या इतक्या कमी का?

पहिलं कारण तुम्हीच सांगाल. शाळा. कापसाच्या हंगामात काळ्या मुलांची शाळा बंद असायची, कारण मुलं शेतात लागायची. वर्षाकाठी काही महिने शाळा, तीही एका खोलीची. त्यामुळे पुष्कळांना नावापुरतंच लिहिता येई, काहींना तेही नाही. नाव लिहिता येत नसलं की कागदावर फुली मारायची. फुलीच्या आजूबाजूला कारकून त्या माणसाचं नाव लिहायचा, 'याची निशाणी' असं लिहायचा, आणि साक्षीदार खाली सही करायचे. आपल्याकडे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहितात ना, तसंच. आपल्या जुन्या मोडी कागदांत तर कुणब्याची निशाणी नांगर असायची आणि बाईची निशाणी बांगडी. नांगर काढला म्हणजे कुणबी हे कळायचं. फुलीतून तेवढंही कळत नाही. दोन रेघा एकमेकींवर, बस. त्यामुळे नुसती फुली खरी की खोटी हे जगातला कोणताही जाणकार सांगू शकत नाही. तिथं साक्षीदारांच्या सह्याच तपासाव्या लागतात. अंगठ्याचं बरं असतं, त्याच्या रेषा त्याच माणसाच्या असतात.

दुसरं कारण असं की त्यांच्याकडे सही मागायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शनिवारी रात्री एखाद्या झोपडीत नाच चालला आहे, गाणारा कोपऱ्यात स्टुलावर बसला आहे. त्याच्यापुढे वही कोण धरणार? ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांकडे पेन होतं? आणि सही घेतली असती तरी ती ठेवायला कपाट कुठे होतं? आज इथे, उद्या तिथे, अशी ती वस्ती.

म्हणून त्या काळातल्या खऱ्या सह्या मिळतात त्या बहुतेक सरकारी आणि व्यवहाराच्या कागदांवर. लग्नाची नोंद, कंपनीशी केलेला करार, पहिल्या महायुद्धात १९१७-१८ साली सैन्यभरतीसाठी पुरुषांची नावं नोंदवली ती कार्डं. पुढे १९३६ च्या अखेरीपासून म्हातारपणच्या पेन्शनसाठी नंबर मिळायला लागले, त्याच्या अर्जावरही सही असे. पण तो कायदा करताना शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया यांना वगळलं होतं. काळी माणसं तर याच दोन कामांत जास्त होती. म्हणजे पेन्शनही नाही आणि सहीचा कागदही नाही. घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं, यादीतून वगळण्याची ही रीत काही आपल्याच देशातली नाही.

हे कागद महत्त्वाचे का? कारण सही तपासायची म्हणजे ताडून बघायची, आणि ताडायला एक तरी सही अशी लागते जिच्यावर शंका नाही. बँकेत तुमच्या नमुन्याच्या सहीचं कार्ड असतं, त्यासारखं. नमुनाच नसेल तर मोठा तज्ज्ञही फक्त डोकं खाजवणार.

एक मजेदार नमुना सांगतो. ब्लाइंड लेमन जेफर्सन नावाचा टेक्सासचा गायक होता. नावातच सांगितलं आहे की तो आंधळा होता. १९२६ पासून तो पॅरामाउंटसाठी गायला आणि १९२९ च्या डिसेंबरात वारला. त्याचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. सूट, टाय, चष्मा, मांडीवर गिटार. आणि फोटोवर सुंदर वळणदार अक्षरात 'आपला स्नेही, ब्लाइंड लेमन जेफर्सन' अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. आंधळ्या माणसाचं असं अक्षर! हा कंपनीनं जाहिरातीसाठी छापलेला फोटो. त्यावरचं लिहिणं फोटोबरोबरच छापून आलेलं आहे. तशा फोटोला कोणी 'त्यानं स्वतः सही केलेला' म्हणून विकायला आला तर त्याला बाहेरची वाट दाखवायची. छापलेली सही ओळखायला सोपी असते. भिंगातून बघितलं की शाईची ओळ दिसत नाही, बारीक ठिपके दिसतात, आणि कागदावर बोट फिरवलं तर पेनचा दाब लागत नाही. निवडणुकीच्या पत्रकावर नेत्याची सही असते ती बघा कधीतरी भिंगातून.

सगळ्यात जास्त शोध आहे तो रॉबर्ट जॉन्सनच्या सहीचा. हा माणूस १९३८ च्या ऑगस्टात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मिसिसिपीतल्या ग्रीनवूड गावाजवळ वारला. १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये दोन वेळा ध्वनिमुद्रण झालं, त्यातली २९ गाणी, एवढीच त्याची कमाई. जिवंतपणी फार थोड्यांना माहीत होता. १९६१ साली त्याच्या गाण्यांची मोठी तबकडी निघाली आणि मग इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुण गिटारवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हा शोधाशोध सुरू झाली. मृत्यूचा दाखला १९६८ साली सापडला, त्यावर डॉक्टरच्या जागी 'डॉक्टर नाही' असा शेरा. त्याचे म्हणून सर्वांनी मान्य केलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. थडगं नक्की कुठे यावरही वाद, तीन ठिकाणी दगड उभे आहेत. चौकात सैतानाला आत्मा विकून तो गिटार शिकला अशी कथा त्याच्याभोवती रचली गेली. आम्हाला विचाराल तर ही कथा रचणाऱ्यांनी त्याच्या मेहनतीवर पाणीच ओतलं.

तर या रॉबर्टची सही लग्नाच्या सरकारी कागदावर आहे. अक्षर चांगलं आहे. लहानपणी तो काही वर्षं मेम्फिस शहरात राहून शाळेत गेला होता, त्याचा हा गुण. पण बघा हं, अडचण कुठे येते. 'रॉबर्ट जॉन्सन' हे नाव तिकडे इतकं सर्रास आहे की आपल्याकडे गावोगाव सुनीता पवार सापडाव्यात तसं. एखाद्या जुन्या पुस्तकावर, पावतीवर रॉबर्ट जॉन्सन अशी सही मिळाली, शाई जुनी, कागद जुना, सगळं खरं, पण तो रॉबर्ट जॉन्सन एखादा सुतार असला तर? शिवाय आपला रॉबर्ट सावत्र बापाचं आडनाव लावून रॉबर्ट स्पेन्सरही म्हणवून घ्यायचा. म्हणजे सही खरी असणं वेगळं आणि ती त्याच माणसाची असणं वेगळं.

यापेक्षा मोठा गोंधळ सनी बॉय विल्यमसनचा. या नावाचे दोघे होते, दोघेही तोंडानं वाजवायचा बाजा वाजवणारे. पहिला जॉन ली विल्यमसन, शिकागोत नाव कमावलेला, १९४८ साली रस्त्यात हल्ला होऊन मेला. दुसरा राइस मिलर, वयानं पहिल्यापेक्षा मोठाच, पण त्यानं हे नाव उचललं आणि आपणच खरा सनी बॉय असं सांगत राहिला. हा दुसरा प्रसिद्ध झाला तो रेडिओमुळे. अर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावच्या केंद्रावर १९४१ च्या नोव्हेंबरात दुपारचा एक कार्यक्रम सुरू झाला. खर्च एका पिठाच्या व्यापाऱ्याचा. शेतातले मजूर जेवणाच्या सुट्टीत तो ऐकायचे. पीठ इतकं खपलं की व्यापाऱ्यानं मक्याच्या पिठाच्या पिशवीवर सनी बॉयचंच चित्र छापलं. आपल्या रेडिओलाही असा एखादा पीठवाला भेटला तर आमची हरकत नाही. तर, सनी बॉय अशी सही आली की पहिला प्रश्न, कोणता? युरोपातल्या १९६३-६४ च्या कार्यक्रमपत्रिकेवर असेल तर पहिला असूच शकत नाही, तो पंधरा वर्षं आधीच गेलेला.

इथं सही तपासण्याचा पहिला धडा येतो, आणि त्याला भिंग लागत नाही, तारखा लागतात. माणूस कधी मेला आणि ज्या वस्तूवर सही आहे ती वस्तू कधी जन्मली, एवढं बघायचं. बॉलपेन अमेरिकेत बाजारात आलं ते १९४५ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या एका दुकानात, साडेबारा डॉलरला एक. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार अपघातात वारली. मा रेनी १९३९ साली. म्हणजे या दोघींची बॉलपेननं केलेली सही असली तर ती भुतानं केलेली समजायची. जाड टोकाचं मार्कर पेन त्याहून नंतरचं, १९५० नंतरचं. मोठी, सावकाश फिरणारी तबकडी १९४८ साली आली. रॉबर्ट जॉन्सनची सही तिच्या वेष्टनावर कोणी दाखवली तर हसून सोडून द्यायचं. कितीतरी खोट्या सह्या एवढ्यावरच पकडल्या जातात. लबाड माणूस अक्षर घोटतो, पण तारीख बघायला विसरतो. बनावट सातबाऱ्याच्या प्रकरणातही असंच होतं, मुद्रांक अलीकडच्या सालाचा आणि व्यवहार त्याच्या आधीचा.

जरा हुशार लबाड असेल तर तो जुना कागद मिळवतो. जुन्या पुस्तकांत पुढे-मागे कोरी पानं असतात, ती फाडून घेतात. कागद खरोखर १९२० चा, मग पकडणार कसं? शाईवरून. जुना कागद झिरपायला लागतो, त्याच्यावरचं खळीसारखं पातळ लेपण गेलेलं असतं. त्यावर आज शाईनं लिहिलं तर रेघेला बारीक केस फुटतात, शाई पसरते. कागद नवा होता तेव्हाच लिहिलेलं असेल तर कड स्वच्छ राहते. घडीचंही तसंच. कागद आधी घडी पडला आणि नंतर सही झाली तर घडीच्या जागी शाई आत शिरून पसरते. आधी सही आणि मग घडी असेल तर शाईची ओळ घडीवर तडकलेली दिसते. आपल्या गटाच्या जुन्या रजिस्टरात हे दोन्ही प्रकार बघायला मिळतील, घेऊन बसा एखाद्या दुपारी.

कागद नवा असून जुना भासवलेला असला, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला असला, तर बँकेत नोटा तपासायला जो जांभळा दिवा असतो त्याखाली धरतात. साधारण १९५० पासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते त्या दिव्याखाली निळसर पांढरं चमकतं. जुना कागद मंद, मातकट दिसतो.

एवढं सगळं पार पडलं की मग अक्षर. बहुतेकांना वाटतं, दोन सह्या तंतोतंत जुळल्या म्हणजे खरी. उलट आहे. कोणीही माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. तुम्ही आत्ता कागदावर पाच सह्या करून बघा. वळण तेच, पण एक जरा लांब, एक तिरकी, एकीचं शेपूट तोकडं. एकावर एक ठेवून दोन सह्या केसभरही इकडेतिकडे होत नसतील तर त्यातली एक गिरवलेली आहे, किंवा दोन्हीही. खऱ्या सहीत हात पळतो. सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, दाब कुठे हलका कुठे जड पडतो. खोटी सही करणारा काढत असतो, लिहीत नसतो. त्याचा हात हळू चालतो, रेघ थरथरते, मधेच भलत्या ठिकाणी पेन उचललेलं असतं, टोकं बोथट असतात, आणि एखादं अक्षर मनासारखं झालं नाही म्हणून परत गिरवलेलं असतं. सही कोणी गिरवत नाही, चुकली तर चुकली म्हणून पुढे जातो.

पण या गाणाऱ्यांच्या बाबतीत इथेही पंचाईत आहे. ज्याला नावापुरतंच लिहिता येतं त्याची खरी सहीसुद्धा हळू, थरथरती, तुटक असते! आपल्या गटातल्या नव्यानं सही शिकलेल्या आजी बघा. एकेक अक्षर काढतात, मधे श्वास घेतात. शहरी तज्ज्ञाला ती खोटीच वाटेल. म्हणून जाणती माणसं म्हणतात, आधी त्या माणसाचं आयुष्य बघा, शिक्षण बघा, त्या वर्षी त्याचं वय काय, हात अधू होता का, मग सही बघा. आम्हाला हे फार पटतं.

काही सह्या मात्र भरवशाच्या मिळतात, आणि त्याचं कारण वेगळं आहे. १९६३ साली काही तरुण गोऱ्या शौकिनांनी मिसिसिपी जॉन हर्ट याला शोधून काढलं. त्यानं १९२८ साली थोडी गाणी गायली होती आणि मग तो शेतीकडे परतला होता. एका गाण्यात त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, ॲव्हेलॉन. नेहमीच्या नकाशात गाव सापडेना, जुन्या नकाशात सापडलं. जाऊन बघतात तर म्हातारा तिथेच. ही मंडळी पोलीस खात्याची आहेत असं त्याला आधी वाटलं, असं सांगतात. पुढल्या वर्षी, १९६४ साली, स्किप जेम्स इस्पितळात सापडला आणि सन हाऊस थेट न्यूयॉर्क राज्यात. तीस-पस्तीस वर्षं ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्यांना मोठ्या जत्रेत, कॉलेजांत गायला बोलावलं, आणि तिथे पहिल्यांदा लोकांनी त्यांच्यापुढे कार्यक्रमपत्रिका धरली. आता यांच्या सह्या आहेत, तारखेसकट, जागेसकट, कधी सही करतानाच्या फोटोसकट. हर्ट तीनच वर्षांत, १९६६ साली गेला.

अशा सहीबरोबर तिचा प्रवासही सांगता येतो. कोणी घेतली, कुठे घेतली, मग कोणाकडे गेली, आज कोणाकडे आहे. एकही कडी तुटायला नको. दागिना गहाण ठेवताना पावती लागते, तसंच आहे. 'आजोबांच्या पेटीत सापडली' ही कडी नव्हे, ती फक्त गोष्ट. विकणारा जेवढी रंगवून गोष्ट सांगेल तेवढं सावध व्हायचं.

आणि प्रमाणपत्रावर तर मुळीच भुलायचं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. मुख्यतः खेळाडूंच्या सह्या. प्रत्येक सहीबरोबर छान छापलेलं खरेपणाचं प्रमाणपत्र जोडलेलं, तेही खोटं. त्या मालात बेसबॉलचे चेंडू सापडले, आणि त्यावर सही होती मदर तेरेसांची! कोलकात्याच्या मदर बेसबॉलवर सह्या करत बसल्या होत्या, हे गिऱ्हाइकांना पटलं होतं. कागदावर शिक्का आहे, सोनेरी किनार आहे, एवढ्यावर पैसे देणारी माणसं सगळीकडे असतात. चिट फंडाची सोनेरी पत्रं आपणही पाहिली आहेत.

आता जरा मनाला लागलेलं बोलतो. या माणसांची सही जिवंतपणी एकाच कामासाठी मागितली गेली, गाणं लिहून घ्यायला. गाण्यामागे ठरावीक रक्कम हातावर ठेवायची, आणि नंतर तबकडी कितीही खपो, त्यातला वाटा नाही. बेसी स्मिथनं १९२३ साली पहिला करार केला तो कोलंबिया कंपनीशी, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तो मधल्या माणसाशी होता आणि तिचे निम्मे पैसे तो खिशात घालत होता. कळल्यावर बेसी आणि तिचा नवरा त्याच्या कचेरीत जाऊन धडकले, मारामारीपर्यंत आलं, आणि करार सुटला. मग कंपनीशी थेट करार झाला, गाण्यामागे १२५ डॉलर. तेव्हा तिला ते पुष्कळ वाटले. पण खपातला वाटा त्यातही नव्हता. कंपनी तिच्या आवाजावर उभी राहिली आणि बेसीच्या थडग्यावर ३३ वर्षं दगड नव्हता. १९७० साली तो बसवला दोघींनी. एक गायिका जेनिस जॉप्लिन, आणि दुसऱ्या वानिटा ग्रीन, ज्या लहानपणी बेसीच्या घरी साफसफाईला जायच्या.

टॉमी जॉन्सनची गोष्ट तर ऐकवत नाही. मिसिसिपीचाच मोठा गायक, दारूत बुडालेला. १९२८ ते १९३० च्या आसपास थोडी गाणी गायला आणि पुन्हा कधी ध्वनिमुद्रणाला गेलाच नाही. का, तर कुठल्याशा कागदावर सही करून आपण गाण्याचा हक्कच विकून बसलो आहोत असा त्याचा समज झाला होता, किंवा करून दिला होता. तसं काही नव्हतं. १९५६ साली तो वारला. २०१३ साली त्याची एक जुनी तबकडी लिलावात ३७ हजार डॉलरच्या वर गेली.

रॉबर्ट जॉन्सनच्या घरीही कागदच बोलला. १९९० साली त्याची सगळी गाणी एकत्र निघाली, लाखोंनी खपली, आणि वारस कोण हा प्रश्न कोर्टात गेला. क्लॉड जॉन्सन नावाचा, खडीचा ट्रक चालवणारा माणूस म्हणत होता, मी त्याचा मुलगा. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच्याकडे रॉबर्टची सही नव्हती. होता तो जन्माचा दाखला, त्यावर बापाचं नाव 'आर. एल. जॉन्सन' आणि धंदा मजुरी. आणि होती त्याच्या आईची एक मैत्रीण, जिनं साक्षीत आपण त्या दोघांना एकत्र पाहिलं होतं हे न लाजता सांगितलं. मिसिसिपीच्या वरिष्ठ कोर्टानं २००० साली क्लॉडच्या बाजूनं निकाल कायम केला. दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम त्याला मिळाली. मुलांच्या जन्माच्या दाखल्यावर नावं नीट घातली आहेत का, ग्रामपंचायतीत जाऊन बघायचं राहिलं असेल तर या आठवड्यात उरकून घ्या.

आणखी एकाबद्दल सांगून थांबतो. हाऊलिंग वुल्फ. सहा फुटांहून उंच, आवाज असा की लांडगा गुरगुरावा. तरुणपणी शेतात राबून गाणं शिकला, १९५० नंतर शिकागोला आला आणि गाजला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर, नाव झाल्यावर, हा माणूस प्रौढांच्या शाळेत जाऊ लागला. शाळेची परीक्षा पास झाला आणि पुढे हिशेब ठेवणं शिकला. पैशाचा व्यवहार बायको लिली बघायची, आणि दोघांनी मिळून वादकांचे पगार इतके चोख ठेवले की त्यांना आरोग्य विमाही मिळायचा. त्या धंद्यात असं कोणी करत नव्हतं. त्यामुळे वुल्फची सही तपासायला बसलेल्या माणसाला आधी साल विचारावं लागतं. शाळेच्या आधीची असेल तर एक हात, आणि शाळेनंतरची असेल तर दुसरा. दोन्ही त्याचेच.

कोणाच्या घरी जुनी वही, जुना करार, निशाणी बांगडीचा कागद असेल तर तो आणखी घड्या न घालता सपाट ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आमच्याकडे भिंग आहे.